पालकांस कळविण्यात येते की—

शाळेच्या सूचनाफलकावर, मुलांच्या डायरीत आणि आताशा आईबापांच्या हातातल्या फोनवर जे मराठी वाचायला मिळते त्याची समीक्षा कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कवितेची होते, कादंबरीची होते, दिवाळी अंकांचीही होते. पण 'पालकांस कळविण्यात येते की' ह्या चार शब्दांनी सुरू होणारे जे वाङ्मय घरोघरी पोचते, त्याच्याकडे समीक्षक फिरकत नाहीत. फीची तारीख, सहलीचे पैसे, गणवेशाचा रंग एवढ्यापुरते ते निरुपद्रवी असते हे खरे. त्याची कसोटी लागते ती एका वेगळ्याच प्रसंगी: शाळेतल्या एखाद्या शिक्षकावर मुलाशी वाईट वागल्याचा आरोप होतो, आणि बाकीच्या मुलांच्या आईबापांना काहीतरी सांगणे भाग पडते तेव्हा.

सणासुदीच्या अंकात हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण हा अंक ज्या घरांत फिरतो, त्या घरांतूनच रोज सकाळी डबा भरून मुले शाळेत जातात. शिवाय मी पडलो मास्तर. मॅट्रिक झालो, ड्रॉइंगची परीक्षा दिली, आणि गेली वीसेक वर्षे मुलांच्या हातून सफरचंदे आणि मोराची पिसे काढून घेत आलो आहे. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. ह्या दोन्ही धंद्यांच्या सांध्यावर एकदा माझ्या हातून एक लेखन झाले. माझ्या सगळ्या पुस्तकांना मिळून जेवढे वाचक लाभले नसतील तेवढे त्या तीन वाक्यांना एका संध्याकाळी लाभले.

शाळेचे नाव सांगत नाही, गावाचेही नाही. सहावीतल्या एका मुलाला वर्गशिक्षकांनी कानशिलात मारली, अशी तक्रार घेऊन त्याची आई आली. कानाला दुखापत झाली होती आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिच्या हातात होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना फाटकापाशी दहापंधरा पालक उभे राहिलेले दिसले. हेडमास्तरांनी मला आत बोलावले. म्हणाले, "तुम्ही लेखक माणूस. चार ओळी लिहून द्या. कोणाचं नाव नको, कबुली नको, आणि शाळेला बट्टा लागता कामा नये." मी वीस मिनिटांत लिहून दिले. त्याची प्रत मी जपून ठेवली आहे, ती अशी:

'सर्व पालकांस कळविण्यात येते की, शाळेत नुकत्याच घडलेल्या एका अप्रिय प्रकारासंबंधी गैरसमज पसरविण्यात येत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर प्रकाराची योग्य ती दखल घेण्यात आली असून आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे. तरी पालकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये व शाळेस सहकार्य करावे.'

हेडमास्तर खूश झाले. मीही झालो; भाषा कशी गोटीबंद उतरली होती! आज तोच मजकूर परक्याचा म्हणून वाचतो तेव्हा पहिली गोष्ट दिसते ती ही की, ह्यात माणसेच नाहीत. प्रकार घडला आहे, गैरसमज पसरविण्यात आला आहे, तो निदर्शनास आला आहे, दखल घेण्यात आली आहे, कार्यवाही करण्यात येत आहे. क्रियापदे सगळी आहेत, पण करणारा कोणी नाही. व्याकरणाच्या पुस्तकात ह्याला नवीन कर्मणी प्रयोग म्हणतात. आमच्या कचेऱ्यांनी तो लाडाने वाढवला, कारण त्यात काम होते आणि कोणी करीत मात्र नाही. साऱ्या पत्रात काही करण्याची पाळी एकाच माणसावर येते, आणि तो माणूस म्हणजे पालक. त्याने विश्वास ठेवू नये. त्याने सहकार्य करावे.

पुढे काय झाले ते सांगतो, कारण माझ्या सगळ्या समीक्षेचे मूळ तिथे आहे. 'अप्रिय प्रकार' हे शब्द त्या संध्याकाळी गावात गेले आणि त्यांना पाय फुटले. कोणी म्हणाले, फंडातल्या पैशाची भानगड आहे. दुसऱ्या दिवशी प्रकरणात एक मुलगी आली. तिसऱ्या दिवशी मुली दोन झाल्या. कानाची गोष्ट, जी घडली होती आणि जिला कागदाचा पुरावा होता, ती मागे पडली. कारण नुसत्या कानशिलासाठी शाळा एवढे जड शब्द वापरील असे कोणाला वाटेना. आठवड्याने ते शिक्षक रात्री माझ्या घरी आले. खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अरे, मी मारलं. ते खरं आहे. त्याची शिक्षा होईल ती होऊ दे. पण जे मी केलं नाही ते तुझ्या पत्रानं माझ्या माथी मारलं. 'मारलं' हा एक शब्द लिहिला असतास तर मी वाचलो असतो."

मुलाची आई मला बाजारात भेटली. ती एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही आमच्या मुलाला गैरसमज म्हणालात."

कोरी जागा वाचक भरून काढतो, हे कादंबरीकाराला कोणी शिकवावे लागत नाही. मी माझ्या कादंबऱ्यांत जाणूनबुजून अशा जागा ठेवतो आणि वाचक त्या भरतात याचा मला अभिमान आहे. मग शाळेच्या पत्रात सगळी जागाच कोरी सोडताना मला ती का दिसली नाही? त्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, आणि तेव्हापासून जिथे जिथे असा प्रसंग कोणी लिहिला किंवा रंगवला आहे, तो मी शोधून पाहू लागलो. बाकी गोष्ट काहीही असो. शाळेने पालकांना काय सांगितले आणि कसे सांगितले, तेवढे ठिकाण मी पाहतो.

प्रथम एक खरे पत्र घेतो. ते मी लिहिलेल्या पत्राच्या अगदी उलट टोकाचे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच ह्या गावी मॅकमार्टिन नावाची बालवाडी होती. १९८३ च्या ऑगस्टमध्ये एका आईने तिथल्या शिक्षकावर आपल्या मुलाशी अत्याचार केल्याचा आरोप केला. ७ सप्टेंबरला त्याला अटक झाली. पुरावा नाही म्हणून सोडूनही देण्यात आले. दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, गावच्या पोलीसप्रमुखांनी सुमारे २०० पालकांना एक पत्र धाडले. पत्र शाळेचे नव्हे, पोलिसांचे होते. पण शाळेच्या पटावरच्या आजीमाजी मुलांच्या घरी ते गेले, आणि आरोपानंतर पालकांना लिहिलेल्या पत्रांत त्याच्याएवढे परिणामकारक दुसरे पत्र मला माहीत नाही.

ह्या पत्रात कोरी जागा नाही. शिक्षकाचे नाव आहे. कोणकोणते अत्याचार झाले असण्याचा संभव आहे त्यांची यादी आहे. ती मी इथे उतरवून घेणार नाही. मुलांचे फोटो काढले गेले असतील असे आहे. मग पालकांना विनंती आहे की, आपण आपल्या मुलाला विचारा, त्याने असे काही पाहिले आहे काय, त्याच्या बाबतीत असे काही झाले आहे काय. दुपारच्या झोपेच्या वेळी तो माणूस एखाद्या मुलाला घेऊन वर्गाबाहेर गेलेला दिसला काय? त्याने कोणाला बांधून ठेवलेले दिसले काय? सोबतचा तक्ता भरून, तिकीट लावलेल्या पाकिटातून परत पाठवा. शाळेच्या चालकांना ह्यातले काही ठाऊक होते असा पुरावा नाही. आणि हे सगळे अत्यंत गुप्त ठेवा.

समीक्षक म्हणून मला ह्या पत्राचे एक वैशिष्ट्य मोठे वाटते. ते विचारण्याचा आव आणते, पण सांगते. 'काय झाले' हा प्रश्न आहे. 'त्याने बांधून ठेवले काय' ह्यात गोष्ट अगोदरच लिहून झालेली आहे, मुलाने मान हलवायची तेवढी राहिली आहे. चार वर्षांच्या मुलाला रात्री आईने जवळ घेऊन, डोळ्यांत पाणी आणून, दहादा तेच विचारले तर ते मान हलवील की नाही? आणि दोनशे घरांत एकाच यादीवरून विचारले तर दोनशे घरांत सारखीच उत्तरे येतील. मग लोक म्हणणार, इतकी मुले एकच गोष्ट सांगतात, म्हणजे ती खरीच. पुढे एका संस्थेने शेकडो मुलांच्या मुलाखती अशाच पद्धतीने घेतल्या. १९८४ मध्ये सात जणांवर आरोपपत्र आले. ज्या चालकांना काही ठाऊक असल्याचा पुरावा नाही असे पत्रात म्हटले होते, ते चालकही त्या सातांत होते! पाच जणांवरचे आरोप १९८६ मध्ये मागे घेतले गेले. उरलेल्या दोघांचा खटला १९९० पर्यंत चालला, सुमारे दीड कोटी डॉलर खर्च झाले, आणि शिक्षा एकालाही झाली नाही. मुख्य आरोपी तोवर पाच वर्षे तुरुंगात होता.

इतके ऐकून 'पाहा, मुले खोटे बोलतात' असे म्हणून जो वाचक पान उलटील, त्याने थोडे थांबावे. निकालानंतर काही ज्यूरींनी सांगितले की, मुलांच्या बाबतीत काहीतरी झाले असावे असे त्यांना वाटते. पण मुलाखतींच्या ज्या फिती त्यांनी पाहिल्या, त्यांत मुलाचे स्वतःचे किती आणि विचारणाऱ्याने त्याच्या तोंडी घातलेले किती हे त्यांना वेगळे काढता आले नाही. म्हणजे त्या बालवाडीत जर एक मूल खरोखर दुखावलेले असेल, तर त्याचा आवाजही त्या गोंगाटात बुडाला. माझ्या पत्राने एका मुलाला गैरसमज ठरवले. त्या पत्राने शेकडो मुलांच्या तोंडी एकच गोष्ट घातली. दोन्हींत मुलाचे म्हणणे काय, हे कळण्याची वाट बुजली.

डेन्मार्कच्या थॉमस विंटरबर्गने २०१२ मध्ये 'द हंट' हा चित्रपट केला तो ह्याच भूमीवरचा. लुकास नावाचा एक साधा माणूस लहानशा गावातल्या बालवाडीत काम करतो. मित्राची चिमुरडी मुलगी, क्लारा, त्याच्यावर रुसून काहीतरी बोलते. ते शब्द तिने मोठ्या भावाच्या टोळक्यात ऐकलेले असतात. बालवाडीच्या प्रमुख बाई, ग्रेते, ते ऐकतात. ह्या बाई मला फार जवळच्या वाटल्या. त्या दुष्ट नाहीत, आळशी नाहीत, शाळेची अब्रू झाकायलाही निघालेल्या नाहीत. उलट त्या तत्पर आहेत. ओळखीच्या एका गृहस्थांना बोलावून त्या क्लाराला प्रश्न विचारवतात. उत्तर प्रश्नातच असते. मुलगी कंटाळून मान हलवते. मग पालकांची सभा. बाई सांगतात की आमच्याकडच्या एका मोठ्या माणसाने एका मुलावर अत्याचार केला असावा, आणि घरी लक्ष ठेवण्यासाठी लक्षणे सांगतात: वाईट स्वप्ने पडणे, अंथरुण ओले होणे.

आता ज्या घरात चार-पाच वर्षांचे मूल आहे त्या घरातल्या वाचकांनीच सांगावे, ह्यातले एकही लक्षण नाही असे मूल त्यांनी पाहिले आहे काय? लक्षणे सगळ्यांनाच सापडतात. लौकरच मुले लुकासच्या तळघराचे वर्णन करू लागतात, आणि पोलीस जाऊन पाहतात तर त्या घराला तळघरच नाही. क्लारा स्वतः आईला सांगते की मी वेड्यासारखे बोलले, तसे काही झाले नाही. तर आई तिची समजूत घालते की, झाले आहे, तुला ते आठवायला नको वाटते म्हणून आठवत नाही. सगळ्या चित्रपटात मला हेच दृश्य अंगावर आले. जमावाने दुकानात लुकासला बदडून काढले त्याहूनही.

तरी ह्या चित्रपटावर माझा एक आक्षेप आहे, आणि कान महोत्सवात मॅड्स मिकेलसनला उत्कृष्ट नटाचे पारितोषिक मिळाले म्हणून तो मागे घेण्याचे कारण दिसत नाही. लुकास निर्दोष आहे हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते. त्यामुळे खुर्चीत बसून रागावणे सोपे जाते. ग्रेतेबाईंना ती सोय नव्हती, कोणत्याच हेडमास्तराला ती नसते. त्यांच्या टेबलापाशी एक मूल उभे असते आणि ते खरे बोलते की नाही हे कळण्याचे कोणतेही साधन हाताशी नसते. अशा वेळी मुलाचे ऐकून घेऊन ते जाणकारांपर्यंत पोचवणे हेच बरोबर. बाई चुकल्या त्या मुलीवर विश्वास ठेवला म्हणून नव्हे. त्यांना एक गोष्ट कळली होती आणि त्यांनी पालकांना चार सांगितल्या, म्हणून.

ती अनिश्चितता सबंध नाटकभर टिकवून धरली ती जॉन पॅट्रिक शॅनलीने, 'डाउट'मध्ये. नाटक २००४ चे, त्यावर चित्रपट २००८ मध्ये आला. काळ १९६४ चा आणि शाळा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातली, चर्चने चालवलेली. फादर फ्लिन दोषी की निर्दोष हे नाटककार शेवटपर्यंत सांगत नाही. पण मी सांगितले तसा मी एकच ठिकाण शोधतो, आणि ते इथे एका प्रवेशात आहे. मुख्याध्यापिका सिस्टर अलॉयशियस त्या मुलाच्या आईला बोलावून घेतात आणि आपला संशय सांगतात. शाळेतला तो एकटाच काळा मुलगा. बाप घरी मारतो. आई जे बोलते त्याने आपल्या पायाखालची जमीन सरकते. तिला बरेच काही ठाऊक आहे, शाळेला ठाऊक नसलेलेही. तिला फक्त जूनपर्यंत मुलगा ह्या शाळेत टिकायला हवा आहे, म्हणजे पुढच्या चांगल्या शाळेची वाट मोकळी होईल. शाळा पालकांना 'सांगते' तेव्हा ऐकणारा कोणी कोरा नसतो, त्याचे स्वतःचे ओझे असते, हे एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कोणी दाखवल्याचे मला आठवत नाही. शेवटी फादरांची बदली होते, तीही बढतीवर, दुसऱ्या चर्चमध्ये आणि तिथल्या शाळेत. तिथल्या आईबापांना कोणी काय कळवले? नाटक त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, आणि ते न बोलणे मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आपल्याकडे 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये तेंडुलकरांनी १९६७ सालीच शाळेला रंगभूमीबाहेर ठेवले होते. बेणारेबाईंवरचा आरोप मुलाशी वाईट वागल्याचा नव्हे. त्या लग्नावाचून आई होणार एवढाच. तो गुन्हा मी मानत नाही. पण त्यांची शिक्षणसंस्था त्यांना काढणार ही बातमी आपल्याला काशीकरांच्या तोंडून कळते, आणि तीही त्यांच्या कानावर पडलेली. संस्था स्वतः बाईंसमोर येऊन एक वाक्य बोलत नाही. प्रयोग पाहताना शाळेविषयी मनात जी चीड येते ती ह्या गैरहजेरीमुळे असावी.

कर्ता लपवण्याची कला मात्र पराकोटीला नेलेली पाहायची तर जपानी 'मॉन्स्टर' पाहावा. दिग्दर्शक कोरे-एडा, पटकथा युजी साकामोटो यांची, २०२३ सालचा, आणि त्या पटकथेला कान महोत्सवात पारितोषिक मिळाले ते अगदी योग्य मिळाले. एक विधवा आई मुलाला शिक्षकांनी मारले आणि अपमान केला म्हणून शाळेत जाते. तिच्यासमोर मुख्याध्यापिका आणि चारपाच शिक्षक रांगेने उभे राहतात आणि कमरेत वाकून क्षमा मागतात. ती विचारते, मारले की नाही? उत्तर कागदावरून वाचले जाते. शिक्षकाचा हात आणि मुलाचे नाक यांचा संपर्क झाला, अशा अर्थाचे ते उत्तर आहे. चित्रपटगृहात लोक हसले. मला हसू आले नाही. मला माझे 'निदर्शनास आले आहे' आठवले. हात आणि नाक आपापले फिरायला निघाले होते, वाटेत त्यांची भेट झाली! त्या आईला क्षमा हवी तेवढी मिळते, पुन्हा पुन्हा मिळते. फक्त कोणी कशाबद्दल मागितली तेवढे कळत नाही. शेवटी ती विचारते की मी माणसांशी बोलते आहे ना.

मग चित्रपट त्याच घटना शिक्षकाच्या बाजूने दाखवतो आणि आपल्याला कळते की तो मनुष्य आपली बाजू सांगायला निघाला होता. सहकाऱ्यांनी त्याला अडवले आणि शाळा सुरळीत चालावी म्हणून न केलेल्या गोष्टींची माफी मागायला पालकांपुढे उभे केले. 'मारलं हा एक शब्द लिहिला असतास तर' म्हणणारे माझे मित्र आणि हा तरुण शिक्षक ह्यांत फरक आहे. एकाने केले होते, एकाने नव्हते. पण कर्ता नसलेल्या वाक्याने दोघांनाही सारखेच गिळले. तिसऱ्या भागात चित्रपट मुलांच्या जगात शिरतो, पाऊस येतो, रान हिरवे होते, आणि फार सुंदर होते. तितकेच शाळेचे हिशेबाचे कागद मात्र त्या पावसात वाहून जातात. मी मास्तर असल्यामुळे मला ते खटकले. इतरांना खटकू नये.

चित्रपटगृहातून बाहेर आले की आपले गाव असतेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेतल्या एका कर्मचाऱ्याने बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचे उघड झाले, आणि २० ऑगस्टला लोकांनी स्टेशनात उतरून कित्येक तास गाड्या अडवल्या. त्या रागाच्या मुळाशी कृत्य तर होतेच; पण शाळा वेळेवर बोलली नाही, तक्रार लिहून घ्यायला उशीर झाला, हेही होते. मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळवले नाही असे विचारले. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ ला, म्हणजे बालदिनी, अमलात आला. असा संशय जरी आला तरी पोलिसांना कळवणे त्यात प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयी ते दडवले तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. इंग्लंडात तर २०१२ पासून, त्याच शाळेतल्या विद्यार्थ्याच्या तक्रारीवरून संशय आलेल्या शिक्षकाचे नावही आरोप दाखल होईपर्यंत छापता येत नाही. तेव्हा कोणाला कळवावे आणि काय छापू नये, हे कायद्याने सांगितले आहे. त्याच वर्गातल्या उरलेल्या चाळीस घरांना नेमकी कोणती वाक्ये लिहावी, ह्याचा नमुना पोक्सोत नाही. ते काम मराठी लिहिणाऱ्याचे आहे.

म्हणून ह्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते जुने पत्र पुन्हा लिहायला बसलो. मारण्याची गोष्ट आहे तशीच ठेवली; शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलांना मारण्यास बंदी आहेच. वीस मिनिटांत लिहिलेल्या तीन वाक्यांच्या जागी नवी वाक्ये लिहायला मला चार दिवस लागले. हेडमास्तरांच्या वतीने लिहिलेले ते पत्र असे झाले:

'आपल्या शाळेतल्या एका शिक्षकांनी सहावीतल्या एका विद्यार्थ्याला सोमवारी वर्गात मारले, अशी तक्रार त्याच्या आईने मंगळवारी सकाळी माझ्याकडे केली. मुलाच्या कानाला दुखापत झाल्याची डॉक्टरांची चिठ्ठी मी पाहिली आहे. मी तक्रार लिहून घेतली आणि त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवली. चौकशी ते करतील. शाळा करणार नाही. तोपर्यंत ते शिक्षक वर्गावर येणार नाहीत. ह्याचा अर्थ ते दोषी ठरले असा नाही. ह्याखेरीज दुसरी कोणतीही तक्रार माझ्याकडे आलेली नाही. त्या मुलाचे नाव कृपा करून कोणी विचारू नये आणि ठाऊक असल्यास बोलू नये. आपल्या मुलाला खोदून खोदून विचारू नका. ते आपण होऊन काही बोलले तर मध्ये न थांबवता ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि मला आणून द्या. मी रोज चार ते पाच माझ्या खोलीत भेटेन. पुढच्या शुक्रवारी मी आपल्याला पुन्हा लिहीन. नवीन काही कळले नसले तर तसे लिहीन.'

ह्यातल्या 'दुसरी कोणतीही तक्रार आलेली नाही' ह्या वाक्याने माझे मित्र वाचले असते असे मला वाटते. शेवटच्या वाक्याला मात्र फार वेळ लागला. शुक्रवारी लिहिण्यासारखे काही नसले तरी लिहायचे, ही गोष्ट कादंबरीकाराच्या हाताला जमत नाही. काही नसले की आम्ही थांबतो.

शाळा उघडल्यावर मी तो मसुदा आमच्या सध्याच्या मुख्याध्यापिका बाईंना दाखवला. म्हटले, देव करो आणि वेळ न येवो, पण आली तर हाताशी असावा. बाई चांगल्या आहेत, वाचणाऱ्या आहेत. त्यांनी दोनदा वाचला, पेन्सिल घेतली, आणि कशाकशाखाली बारीक रेघा ओढल्या. मग म्हणाल्या, "सर, बाकी सगळं बरोबर आहे. पण ह्यात 'मी' आणि 'माझ्या' फार वेळा आलंय. संस्थेला हे चालणार नाही. 'शाळेकडून' करता येईल का?"

कागद घरी आणून मी प्रयत्न करून पाहिला. पहिला 'मी' काढला तेव्हा 'डॉक्टरांची चिठ्ठी पाहण्यात आली आहे' असे झाले. दुसरा काढला. तिसऱ्यापाशी आलो तेव्हा माझ्या लक्षात आले की, टेबलावर माझे ते जुने पत्रच हळूहळू पुन्हा उमटू लागले आहे. मी पेन्सिलीच्या खुणा खोडून टाकल्या आणि मसुदा होता तसा बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याला आता चार महिने झाले. अजून तो तिथेच काचेखाली आहे.